दुसरं उत्तर

चालतं यंत्र विनाकारण बंद करू नये, असं तेजल कोष्टीचं ठाम मत होतं आणि इचलकरंजीत ते ऐकून घेणारं कुणी नव्हतं. खंडेनवमीला माग थांबायचे म्हणजे थांबायचे. माग पुसायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या आणि दसऱ्याच्या सकाळी नारळ फोडून पुन्हा सुरू करायचे. मागावर माणूस उभा असायचा तेव्हाची ही पद्धत माणूस जाऊन संगणक आला तरी तशीच राहिली. मगदूम टेक्स्टाईलचे मालक सन्मती मगदूम तर संगणकांनाही माळ घालत. वर्षभर अखंड चालणारी अठ्ठेचाळीस यंत्रं एका सकाळी एकदम उठवायची, म्हणजे वर्षभराचं दुखणं त्याच सकाळी वर येणार, अशी कुरकूर तेजल दरवर्षी करायची. तिचं खातंच ते होतं. यंत्रं उठली नाहीत की ती उठवायची.

या वर्षी यंत्रं उठली, पण सरळ उठली नाहीत. नारळ फुटला, पेढे वाटून झाले आणि अर्ध्या तासात सन्मतींच्या लक्षात आलं, की दोन नंबरच्या शेडमधले नऊ माग मागे पडताहेत. ते बंद नव्हते. कापडही उत्तम निघत होतं. फक्त दर वेळी धागा तुटला, की तो जोडून पुन्हा सुरू होताना ते जरा रेंगाळत होते. उरलेल्या एकोणचाळीस मागांचं तसं काही नव्हतं.

"आपल्या नेटवर्कमध्ये कुणीतरी शिरलंय," सन्मती तेजलला बाजूला घेऊन म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी पुढचं सांगितलं. "काल दुपारी पूजेच्या तयारीला या शेडमध्ये एकटं कोण होतं, हे मी तुला सांगायला नको."

एकटे होते ते तिचे वडील, दत्तोबा कोष्टी.

दत्तोबा चाळीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे मागाचा वैद्य. धागा का तुटतो, ताण कुठं बिघडला, कुठला नट किती पिळायचा हे ज्याला नुसत्या हातानं कळतं तो. अशी माणसं संपत आली तेव्हा तेजलनंच मालकांना कल्पना दिली होती, की आप्पांचा हात जपून ठेवता येईल. मग तीन वर्षं दत्तोबा बारीक तारांचे हातमोजे घालून काम करत राहिले. हात हलण्याआधी स्नायूंतून विजेचा जो अगदी क्षीण ठोका जातो, तो त्या तारा टिपत. बोटांचा दाबही नोंदला जाई. दत्तोबा तोंडानं काय सांगतात याच्याशी संगणकाला देणंघेणं नव्हतं, त्यांचा हात काय करतो ते तो शिकला. त्यातून तयार झाले अठ्ठेचाळीस आभासी जॉबर. आभासी अशासाठी, की त्यांना स्वतःची पेटी नव्हती. एका इमारतीत सोळा बिऱ्हाडं राहावीत तसे एकेका शेडमधल्या मोठ्या संगणकात सोळा-सोळा जण राहत आणि प्रत्येक जण आपापल्या मागावरचे लोखंडी हात हलवी. शहरभर त्याची चर्चा झाली. दत्तोबांचा सत्कार झाला, फेटा बांधला गेला.

मग मार्च उजाडला. शालन लोहार ही मागाखालचा कापूस काढणारी बाई. धागा तुटून माग थांबला, तिनं आत अडकलेला पुंजका काढायला हात घातला आणि माग सुरू झाला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. कामगार खात्याची चौकशी बसली आणि आतापर्यंत तिचा कल एकाच बाजूला होता. माग आभासी जॉबरनं चालू केला, आभासी जॉबर दत्तोबांकडून शिकला, म्हणजे ही निष्काळजी सवय दत्तोबांच्याच हातातली. तेजलनं भांडून पाहिलं. दत्तोबांनी मात्र निमूट मान्य केलं. "माझ्याच हातात खोट असंल," एवढंच म्हणाले आणि त्या दिवसापासून शालनच्या गल्लीतून जायचं त्यांनी सोडून दिलं.

आता सन्मती सांगत होते, की सुट्ट्या संपल्या की खात्याला कारखान्याचा अहवाल द्यायचा आहे आणि आज शिरून खोड्या करणाऱ्यानं मार्चमध्येही त्या केल्या नसतील कशावरून. संध्याकाळपर्यंत तेजलनं माणूस शोधून द्यावा. नाही तर ते सायबर पोलिसांकडे जातील आणि तिथं विचारलं तर त्यांना एकच नाव देता येईल. म्हणजे आतापर्यंत जो माणूस नुसता निष्काळजी ठरला होता, तो आज गुन्हेगार ठरणार होता. तेजलला मालकांचा संताप आला. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिच्या स्वतःच्या मनात तोच संशय येऊन बसला होता.

तिनं आधी साधी दुखणी तपासली. वायरी ठीक होत्या. आभासी यंत्रांची आभासी नेटवर्क कार्डं जागेवर होती. वाटायचे पत्ते संपले नव्हते. फाइल अर्धवट उतरली असंही नव्हतं. मग तिनं सत्तावीस नंबरचा माग बंद केला, नेटवर्कवरची सगळी बोलाचाली टिपणारा प्रोग्राम लावला आणि माग पुन्हा उठवला.

ही यंत्रं उठतात कशी, हे शिकताना तेजलला एके काळी हसू आलं होतं. त्यांच्याजवळ स्वतःचं काही साठवलेलं नसतं. जाग आली की त्यांना आपलं नावही ठाऊक नसतं. मग ती अख्ख्या नेटवर्कवर हाक मारतात, की माझा पत्ता काय आणि मला चालवणारी फाइल कुठं मिळेल. ऐकणाऱ्यांपैकी जो पहिलं उत्तर देईल, त्याच्यावर ती विश्वास टाकतात. तो सांगेल तिथून फाइल उतरवून घेतात आणि ती फाइल सांगेल तेच होऊन जातात. उत्तर देणारा तू कोण, हे विचारायची त्यांच्यात रीत नाही. म्हणून तेजलनं एक कुलूप ठेवलं होतं. फाइलीवर तिची स्वतःची डिजिटल सही असल्याशिवाय यंत्र ती घेत नसे.

पडद्यावर सत्तावीस नंबरची हाक उमटली. तिला दोन उत्तरं आली. एक मुख्य सर्व्हरचं होतं. दुसरं कुणाचं ते कळेना, पण ते चार मिलिसेकंद आधी आलं होतं. यंत्रानं ते घेतलं, फाइल उतरवली, सही तपासली आणि मुकाट्यानं चालू झालं.

म्हणजे सही बरोबर होती. सही तेजलची होती आणि तिचा पासवर्ड घराबाहेर कुणालाच माहीत नव्हता. घरात माणसं दोन, ती आणि आप्पा.

पुढचं काम सोपं होतं. अनोळखी उत्तर शेडमधल्या स्विचच्या सतराव्या छिद्रातून येत होतं. तिनं वायर हातात धरली आणि तिच्या मागं मागं गेली. वायर भिंतीकडेनं जाऊन पूजेच्या टेबलाखाली शिरली. टेबलावर पक्कड, पाने, जुना लाकडी धोटा मांडलेला होता. शेवटी एक चौकोनी ढीग होता, नुसता झेंडूचा. तिनं फुलं बाजूला केली. खाली हिरवा दिवा लुकलुकत होता.

ती पेटी तिनं लगेच ओळखली. आप्पांचा हात पहिल्यांदा याच पेटीत शिकवला गेला होता. सुरुवातीच्या चाचण्यांत हीच मागांना उत्तरं द्यायची. नवा सर्व्हर आल्यावर तेजलनं ती कपाटात ठेवून दिली होती. उत्तर देण्याचं तिचं काम काढून टाकायचं मात्र राहून गेलं होतं. आत तिच्या सहीची जुनी फाइलही तशीच होती. म्हणजे पासवर्ड कुणी चोरला नव्हता. सकाळी अठ्ठेचाळीस हाका एकदम आल्या, मुख्य सर्व्हर गर्दीत अडकला आणि जवळच्या सोळांपैकी नऊ मागांना या पेटीनं आधी गाठलं. कोडं सुटलं. राहिला तो प्रश्न असा, की कपाटातली पेटी इथं आली कशी.

दत्तोबा शेडच्या पायरीवर बसून उरलेल्या झेंडूची माळ ओवत होते. ती पेटी काढलीत का, असं तेजलनं विचारल्यावर त्यांनी सरळ हो म्हटलं. हत्यारांची पूजा करायची तर सगळ्या हत्यारांची करायची, ती पेटी काय परकी आहे का, असं त्यांचं म्हणणं. आणि मेलेल्या यंत्राला कुणी कुंकू लावत नाही, म्हणून दिवा लागू दिला.

"दिवा विजेच्या वायरीनं लागतो, आप्पा. नेटवर्कची वायर कशाला लावली?"

"दोन वायरी हुत्या, दोन्ही लावल्या," दत्तोबा म्हणाले आणि माळेतलं एक फूल उगाच सरळ करू लागले.

साखरेचं दुखणं असून जिलबी खाल्ली की ते असंच ताटाकडे बघत. तेजलला हे बघणं पाठ होतं. अपघातानंतर त्यांनी दोनदा तिच्याकडे एक मागणं केलं होतं, की मला माझा पहिला हात एकदा चालताना बघू दे. तिनं दोन्ही वेळा उडवून लावलं होतं. तीन वर्षं ते त्या पेटीशेजारी बसले होते. कुठली वायर काय करते, हे त्यांना कळत नव्हतं असं म्हणणं म्हणजे स्वतःलाच फसवणं होतं.

"खरं सांगा आप्पा. मालक पोलिसांत जाणार आहेत."

"तुला वाटतंय तसं लिही," ते म्हणाले. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर माग थांबत आणि सुटत, तो आज पोटच्या पोरीसमोर खाली मान घालून बसला होता. तेजलला भडभडून आलं आणि रागही आला. ती आत गेली.

पेटीची वायर काढावी म्हणून ती टेबलाशी वाकली, तेवढ्यात शेजारच्या मागावर धागा तुटला. लोखंडी हातांनी तो जोडला. मग डावा हात मागाच्या चौकटीवर टेकला आणि तसाच थांबला. तोवर लोखंडी हातांवरच्या कॅमेऱ्यानं खालून वरून मागावर नजर फिरवली. त्यानंतरच माग सुटला.

तेजल वायर हातात धरून तशीच उभी राहिली. ही लकब तिनं लहानपणी शेकडो वेळा पाहिली होती. डबा घेऊन यायची तेव्हा आप्पा असाच तळहात टेकवून उभे असायचे. काय करताय म्हणून विचारलं तर म्हणायचे, माग काय म्हणतोय ते ऐकतोय, आणि मधे कुणाचा हात-बिट हाय का बघतोय. तिनं घड्याळ लावलं. दीड सेकंद. नऊच्या नऊ मागांवर दीड सेकंद.

ती एक नंबरच्या शेडमध्ये गेली आणि तिथल्या मागाशी धागा तुटायची वाट बघत उभी राहिली. तुटला. हातांनी गाठ मारली आणि गाठ पडताक्षणी माग सुटला. तळहात कुठंही टेकला नाही. दोन्हीकडे हात आप्पांचाच होता, मग एकाचं थांबणं गेलं कुठं?

मुख्य सर्व्हरवरची फाइल नऊ फेब्रुवारीला बदलली होती. अपघाताच्या बरोबर महिनाभर आधी. आता तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. वेगाचा हव्यास कुणाला होता? सात महिने चौकशीत आप्पांच्या हाताला दोष कोण देत होतं? आणि आज सकाळी पोलिसांचं नाव इतक्या घाईनं कुणी काढलं? ती तडक सन्मतींच्या केबिनमध्ये गेली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली. फाइल कुणी कापली, कुणाच्या सांगण्यावरून कापली, सगळं खात्याला कळवणार, वगैरे वगैरे.

सन्मती चिडले नाहीत. त्यांनी उठून दार लावलं आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. आधी त्यांचाच निरोप होता, एका ओळीचा. "तेजल, वेग थोडा वाढतो का बघ." त्याखाली सर्व्हरची नोंद होती. निष्क्रिय हालचाली काढल्या, सहा हजार दोनशे बारा. मंजुरी, तेजल कोष्टी.

ती दुपार तिला आठवायला वेळ लागला, इतकी ती साधी होती. हात जिथं काहीच करत नाही असे तुकडे शोधणारा एक प्रोग्राम होता. तो तिनं लावला. यादी आली. तिनं पहिले दहा-बारा तुकडे पाहिले आणि सगळे सारखेच दिसले म्हणून होकार दिला. हात काहीच करत नव्हता हे खरं होतं. तो ऐकत होता, बघत होता, आणि त्यासाठी स्नायू हलवावे लागत नाहीत. शेजारी ठेवलेला चहा निवायच्या आत तिनं बापाचं थांबणं कापून टाकलं होतं.

"मला मार्चमध्येच कळलं होतं," सन्मती म्हणाले.

"मग बोलला का नाहीत, सर?"

"बोलून काय झालं असतं? आप्पा रिटायर झालेले, त्यांना कोण काय करणार होतं? तुझी अजून सगळी नोकरी पुढं आहे. आणि खोटं कशाला बोलू, सांगितलं मी होतं. माझा कारखानाही त्यात आलाच असता. ती पेटी काढ आणि पुसून टाक. स्विचमधला बिघाड होता असं लिहू. सकाळी पोलिसांचं बोललो ते खरंच कुणी शिरलंय असं वाटून. आता पोलीस नको, काही नको. आप्पांनाही मी काही बोलणार नाही."

माणूस दुष्ट नव्हता, हेच वाईट होतं. त्यांचं म्हणणं इतकं सोयीचं होतं, की पायऱ्या उतरताना तेजलचं मन चार पावलं त्याच्याबरोबर चाललंही. कोडं तिनं सोडवलं होतं, पेटी पुसायला पाच मिनिटं पुरली असती आणि आप्पांनी तर स्वतःचा दोष केव्हाच कबूल केला होता. ज्याला कुणी विचारणार नव्हतं त्याच्याच माथी तो राहिला असता, इतकंच.

दत्तोबांची माळ ओवून झाली होती. तेजल त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

"आप्पा, शालनकाकूंची बोटं तुमच्या हातानं गेली नाहीत. तुमचा हात थांबत होता. ते थांबणं मी काढलं. फेब्रुवारीत, न बघता."

दत्तोबांचा श्वास आधी मोकळा झाला. सात महिने छातीवर ठेवलेलं काहीतरी उतरलं, ते तिला शेजारी बसून कळलं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तो मोकळेपणा चेहऱ्यावरून पार गेला.

"तुझा संशय खरा हुता," ते म्हणाले. "वायर मी मुद्दाम लावली. माझा हात थांबतो का न्हाय, तेवढं एकदा बघायचं हुतं. हे असलं निघंल म्हाईत असतं, तर हातसुद्धा लावला नसता." माळ गुंडाळत ते पुन्हा म्हणाले, "माझंच नाव ऱ्हाऊ दे की. मला आता नाव कशाला लागतंय?"

तेजलनं नकारार्थी मान हलवली. पायरीवर बसूनच तिनं अहवाल लिहिला. मालकांचा निरोप, सर्व्हरची नोंद, स्वतःचं नाव, सगळं त्यात घातलं आणि तो खात्याला पाठवून दिला. मग ती आत गेली आणि मुख्य सर्व्हरची वायर काढली. उरलेले एकोणचाळीस माग तिनं एकेक करून थांबवले आणि एकेक करून उठवले. प्रत्येकानं हाक मारली आणि आता उत्तर देणारी एकटी झेंडूखालची पेटी होती. शेडमधला आवाज हळूहळू बदलत गेला. सन्मती वरून धावत आले, पण दारातच थबकले आणि मागांकडे बघत उभे राहिले. त्यांनी तिला अडवलं नाही.

शालनकडे आजच जायला हवं, हे दोघांनाही न सांगता कळलं. बापलेक चालायला लागले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गल्लीच्या तोंडाशी दत्तोबांचे पाय अडखळले. तेजल म्हणाली, तुम्ही इथंच थांबा, मी जाते. तर ते म्हणाले, एकटी जायचं न्हाय, आणि पुढं झाले.

शालननं दार उघडलं. दत्तोबांना बघून ती आधी बुचकळ्यात पडली, मग तिनं पदर सावरून त्यांना आत बोलावलं. दत्तोबा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. तेजलनं कसंबसं सुरू केलं, की काकू, तुमच्या अपघातात आप्पांचा काही दोष नव्हता. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं, पण शालननं मधेच हात वर केला. दोन बोटं नसलेला तो हात तेजलनं आज पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहिला.

"ते मला काय सांगतीस, पोरी," शालन म्हणाली. "मी एकदा तरी दत्तूभाऊंचं नाव घेतलं का? बारा वर्सं त्यांच्या मागाखाली काम केलंय मी. दत्तूभाऊंचा माग सुटायच्या आधी थांबतोय, हे मला ठावं हुतं. म्हणून तर बिनघोर हात घातला."

दत्तोबांनी तोंड फिरवलं. शालन तेजलकडे बघत राहिली, तेजलचं बोलणं अजून अर्धंच झालं होतं म्हणून. आणि तेजलला ते पुरं करावं लागलं.